काठवटीचे माप

आपल्या शाळेच्या ग्रंथालयाला लागून असलेल्या पडवीत एक उघडी लाकडी मांडणी आहे. तिच्यावर नऊ वस्तू ठेवलेल्या आहेत : एक काठवट, एक चाटू, डाळ घोटण्याची एक रवी, उखळ आणि मुसळ, तिखट-मीठ ठेवण्याचा दोन खणांचा डबा, आणि चिपटे, मापटे व शेर ही धान्य मोजण्याची तीन मापे. स्नेहसंमेलनाला येणारे पालक आणि माजी विद्यार्थी तिथे थांबतात, काठवटीवरून हात फिरवतात आणि बहुधा एकच प्रश्न विचारतात, "केवढी जुनी आहे ही?" त्यांना सांगावे लागते, की यातली एकही वस्तू जुनी नाही. गेल्या चार वर्षांत कार्यानुभवाच्या तासाला आपल्याच मुलामुलींनी त्या घडवल्या आहेत. मूळ वस्तू आता उरलेल्या नाहीत. या त्यांच्या प्रतिकृती आहेत. हे ऐकून काहींचा हिरमोड होतो. या स्मरणिकेसाठी लेख लिहिण्याची सूचना आली, तेव्हा त्या हिरमोडालाच उत्तर द्यावे असे मनाशी ठरवले.

मी इतिहास शिकवते. पुराव्यावाचून विधान करू नये, हा आमच्या विषयाचा पहिला धडा. परंतु पुरावा शोधू लागले, की आपल्या स्वयंपाकघरांचा इतिहास फार लवकर संपतो. काही वर्षांपूर्वी सहलीच्या निमित्ताने मुलांना पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेले होते. तिथला घरगुती वस्तूंचा संग्रह विलक्षण आहे. अडकित्ते, दिवे, तांब्या-पितळेची नाना घाटांची भांडी पाहताना मुले हरखून गेली. परतीच्या वाटेवर सातवीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, आपल्या आज्यांची भांडी कुठे ठेवली आहेत?" प्रश्न सरळ होता आणि त्यात तक्रारीचा सूर नव्हता. दिनकर केळकरांनी आयुष्यभर पदरमोड करून जे मिळवले, त्याबद्दल आपण कृतज्ञच असले पाहिजे. पण संग्राहकाला जे सापडते, ते कुणीतरी आधी जपलेले असते. जपायला धातू लागतो, माळा लागतो, पिढ्यान्‌पिढ्या न सुटणारे घर लागते.

आपल्या घरांतून हे तिन्ही नव्हते. मातीची उतरंड फुटत गेली. लाकडाच्या वस्तू झिजल्या, तडकल्या आणि शेवटी चुलीत गेल्या. पितळेचा एखादा हंडा किंवा तांब्या असलाच, तर तो अडीनडीला गहाण पडला. आमचे घर माणदेशातले. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी पाळण्यात होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. घरातला पितळी हंडा आणि दोन ताटे त्या वर्षी सावकाराकडे गेली, ती परत आली नाहीत. काठवट मात्र घरातच राहिली, कारण लाकडावर कुणी पैसे देत नव्हते. त्या वर्षी तिच्यात मिलोचे पीठ मळले गेले. त्या पिठाला चिकटपणा नसे, भाकरी थापताना कडेला फुटत जाई, असे आई आजही सांगते. पुढे जर्मनची परात आली, मग स्टील आले. जुन्या भांड्यांतले जे धातूचे होते ते मोडीत गेले. उरलेल्याची कुणी नोंदसुद्धा ठेवली नाही.

ती काठवट माझ्या आजोबांनी स्वतः बाभळीच्या ओंडक्यातून कोरलेली होती. बाहेरून तिच्यावर कुऱ्हाडीचे घाव तसेच दिसत. आतून मात्र ती आरशासारखी गुळगुळीत झाली होती. ती गुळगुळीत करण्याचे काम कुठल्याही हत्याराने केले नव्हते. आजीच्या आणि आईच्या तळहातांनी रोज दोन वेळा पीठ मळून ते केले होते. तिला मधोमध एक चीर गेली होती आणि त्या चिरेवर वडिलांनी पत्र्याची पट्टी ठेवून चार चुका मारल्या होत्या. आम्ही पक्के घर बांधले त्या वर्षी ती पाणी तापवायच्या चुलवणात गेली. आई त्याबद्दल हळहळत नाही. "तिच्यात आयुष्यभर भाकरी झाली, मग तिच्यावर पाणी तापलं," एवढेच ती म्हणते.

मुलांसमोर पहिला प्रश्न आला तो मापाचा. जी वस्तू नाही, तिची प्रतिकृती कशी करायची? चित्रातली एखादी काठवट पाहून घडवणे सोपे होते, पण ती कुणाच्या घरची झाली असती? म्हणून आम्ही आईला शाळेत आणले. तिचे वय ऐंशीच्या पुढे आहे. तिला सेंटिमीटर सांगता येत नाहीत, पण माप तिच्या हातात होते. रुंदी दीड वीत आणि वर चार बोटे, खोली उभी चार बोटे, कडेची जाडी अंगठ्याएवढी, असे तिने न अडखळता सांगितले. अडचण पुढेच होती. संधिवाताने तिची बोटे वाकली आहेत. आज तिची वीत मोजली तर १७ सेंटिमीटर भरते. ऐन उमेदीत ती नक्कीच मोठी असणार. एका साक्षीवर विसंबून राहू नये, दुसरा पुरावा शोधावा, हे मी वर्गात सांगते ते इथे उपयोगी पडले. काठवटीच्या जागी आलेली जर्मनची परात अजून आमच्या घरी आहे. भिंतीतल्या ज्या कोनाड्यात काठवट उभी ठेवत, त्याच कोनाड्यात नेमकी बसेल अशी बघून आईने ती बाजारातून आणली होती. परात ३६ सेंटिमीटर भरली. आईची वीत १९ सेंटिमीटरची धरली, तर तिने सांगितलेले मापही जवळपास तेवढेच येते. एक तोंडी साक्ष आणि एक वस्तू, दोन्ही एकमेकींना दुजोरा देत होत्या. मुलांनी वहीत लिहिले : रुंदी ३६, खोली ७.

लाकूड एका पालकांनी दिले. त्यांच्या शेताच्या बांधावरची जुनी बाभूळ रस्त्याच्या कामात तोडावी लागली होती. आपल्या गावातले एक निवृत्त सुतार आठवड्यातून दोन दिवस मुलांना शिकवायला येतात. सारी शाळा त्यांना मामा म्हणते. ओंडका ओला असतानाच कोरायचा, हे त्यांनी पहिल्या दिवशी बजावले. वाळलेली बाभूळ हत्यार बोथट करते. ओंडका उभा चिरून दोन फाळ्या केल्या आणि गाभ्याची दोन बोटे जाडीची पट्टी काढून टाकली. याचे कारण मुलांना विज्ञानाच्या तासाला समजले. लाकूड वाळताना वाढवलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे आकसते. गाभा आत राहिला तर या ओढाताणीत लाकूड तडकते. मग वाकसाने पोट कोरायचे, पटाशीने कडा सारख्या करायच्या आणि आरंभी भिंत मुद्दाम जाड ठेवायची. अर्धवट कोरलेली काठवट आम्ही भुशात पुरून सावलीत ठेवली, म्हणजे ती सावकाश वाळते. उन्हात ठेवली असती तर एका आठवड्यात फाटली असती. तीन महिन्यांनी बाहेर काढून शेवटचा हात फिरवला.

त्या तीन महिन्यांत एक गोष्ट घडली. काठवट आम्ही कंपासने आखून अगदी गोल केली होती. वाळल्यावर मोजली तर ती किंचित लंबगोल झाली होती. तंतूंच्या लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ आकसतच नाही आणि आडव्या दिशेने आकसते. त्याचा हा परिणाम. मुलांना वाटले, काम बिघडले. पण आईने पहिल्याच दिवशी सांगितलेले एक वाक्य एका मुलाच्या वहीत होते : "ती जराशी लांबट व्हती." तेव्हा ते वाक्य कुणी मनावर घेतले नव्हते. आजोबांनीही ओल्या लाकडातच कोरले असणार आणि त्यांचीही काठवट अशीच वाळत लांबट झाली असणार. कागदपत्रांच्या अभ्यासात असा क्षण क्वचित येतो. इथे लाकडानेच साक्षीदाराचे म्हणणे खरे केले.

काठवट तयार झाल्यावर आईने तिच्यात ज्वारीचे पीठ मळून पाहिले. दोन-तीन वेळा हात पुढे सारून ती थांबली. "अगं, हिची कड लई उंच झालीया. मनगाट अडतंय बघ." आम्ही खोली मोजली होती, कडेची उंचीही मोजली होती, पण मळणाऱ्याच्या बाजूची कड किंचित उतरती असते, हे कुणाला ठाऊक नव्हते. आईलाही ते शब्दांत कधी सांगता आले नसते. तिच्या मनगटाला ते ठाऊक होते. मामांनी तिथेच किंकरे घेऊन एका बाजूची कड बोटभर उतरवली. आईने पुन्हा हात सारला आणि काही न बोलता पाण्याचा हात लावून गोळा मळत राहिली. वर्गातली काही मुले आयुष्यात पहिल्यांदा पीठ मळताना इतक्या जवळून पाहत होती. दुसऱ्या आठवड्यात मुलांनीही मळले, मुलग्यांनीसुद्धा. तळहाताच्या टाचेचा जोर कुठे पडतो, हे समजल्यावरच त्यांना कडेचा उतार समजला.

मग आणखी एक वाद निघाला. जुन्या काठवटीचे पोट उजव्या बाजूला अधिक झिजले होते, एवढे आईला आठवत होते. ती झीज नव्या काठवटीत कोरावी का? काही मुलांना वाटले कोरावी, म्हणजे ती खरी वाटेल. चर्चेअंती आम्ही एक नियम केला. मूळ वस्तू हाती असेल आणि झीज मोजता येत असेल, तर ती प्रतिकृतीत उतरवावी; नुसत्या अंदाजाने झीज कोरू नये. झीज म्हणजे कुणाच्या तरी हातांचे श्रम. आपण न केलेल्या श्रमांची खूण पटाशीने काढणे, हा खोटा दस्तऐवज तयार करण्याचाच प्रकार झाला. पत्र्याच्या पट्टीबद्दल आईलाच विचारले. ती हसली. "तडा जाईल तवा मारा पट्टी. आत्ता कशाला?" पट्टीचे चित्र आणि तिची हकिकत आम्ही काठवटीजवळच्या माहितीपत्रावर लिहिली. लाकडाला हात लावला नाही.

धान्याची मापे घडवताना इतिहास आणि गणित यांची गाठ पडली. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली, हे कोष्टक आजच्या मुलांना परके आहे. संसदेने दशमान वजनमापांचा कायदा १९५६ साली केला, त्यानंतर ही मापे हळूहळू व्यवहारातून गेली. पण आपल्या आजी-आजोबांच्या श्रमाचे मोल याच मापांनी ठरत होते. सुगीचा वाटा आणि दिवसभराच्या कामाची मजुरी नाण्यांत नसे, धान्यात असे. आई सांगते, "देताना काठोकाठ, घेताना शिगोशीग." म्हणजे मजुरी देताना मापावरून हात फिरवून धान्य सपाट करायचे आणि उसने दिलेले परत घेताना मापावर शीग लावून घ्यायची.

मुलांनी शिवणीच्या लाकडाची दोन मापे केली. दोहोंत सपाट भरल्यावर सारखेच धान्य मावत होते. एक उभट आणि अरुंद तोंडाचे, दुसरे बसके आणि रुंद तोंडाचे. दोन्ही शिगोशीग भरून धान्य मोजल्यावर फरक उघड दिसला. शीग शंकूच्या आकाराची असते आणि धान्याच्या उताराचा कोन ठरलेला असतो. त्यामुळे तोंडाची त्रिज्या दुप्पट झाली, की शिगेत आठपट धान्य राहते. माप तेच, नाव तेच, आणि तरी घेणाऱ्याच्या पदरात जास्त पडते. नववीतल्या एका मुलाने विचारले, "बाई, हे त्यांना कळत नव्हतं का?" आईने त्याला उत्तर दिले, "कळत व्हतं की. पर माप त्येंच्या हातात व्हतं." बलुत्याविषयी मी तीस वर्षे शिकवत आले आहे. बलुतेदारीची व्याख्या, वतनाचे स्वरूप, वतने रद्द करणारा १९५८ चा कायदा, हे सारे मुले पाठ करून लिहितात. त्या दोन मापांनी त्यांना जे शिकवले ते पाठ करावे लागले नाही. आमच्या मांडणीवर उभट माप ठेवले आहे. रुंद तोंडाचे माप गणिताच्या खोलीत असते आणि दर वर्षी घनफळाच्या धड्याला बाहेर निघते.

या उपक्रमाला सर्वांचा पाठिंबा होता असे नाही. पालकसभेत एका वडिलांनी उभे राहून स्पष्ट विचारले, "मॅडम, आम्ही पोरं इथं पाठवली ती चुलीपासून लांब जावीत म्हणून. तुम्ही त्यांना परत उखळ-मुसळाकडं का नेता?" त्यांचा प्रश्न आदराने ऐकण्यासारखा होता आणि त्यामागे आपल्या चळवळीची परंपराही आहे. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेच्या वेळी स्त्रियांशी बोलताना बाबासाहेबांनी अस्पृश्यतेची ओळख पटवणारी लुगडी नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने टाकून द्यायला सांगितले होते. त्याच परिषदेत जी मनुस्मृती जाळली गेली, तिच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी फुटक्या भांड्यांत जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत, असे सांगितलेले आहे. आपल्या पूर्वजांच्या स्वयंपाकघरात काय असावे आणि काय नसावे, हेदेखील दुसऱ्यांनी ठरवलेले होते. मग त्या वस्तूंचा सोस कशासाठी?

मी त्या सभेत जे सांगितले, तेच इथे सांगते. लादलेली वस्तू आणि घडवलेली वस्तू यांत भेद केला पाहिजे. काठवट आमच्यावर कुणी लादली नव्हती. गावाने जे दिले नाही, ते आजोबांनी आपल्या कुऱ्हाडीने घडवले. त्यात कारागिरी होती, लाकडाची पारख होती, मळणाऱ्या बाईच्या मनगटाचा विचार होता. हे ज्ञान आहे, आणि ते ज्यांचे होते त्यांची नावे कुठल्याही ग्रंथात नाहीत. दारिद्र्याबरोबर आपण ते ज्ञानही टाकून दिले, तर आपल्या पूर्वजांकडे सहन करण्याखेरीज काहीच नव्हते, असा समज आपल्या मुलांच्या मनात घर करील. तो समज खरा नाही.

लादलेल्या वस्तूंबाबत मात्र आम्ही वेगळा निर्णय घेतला. चहाच्या टपरीबाहेर आपल्या माणसांसाठी वेगळी ठेवलेली कपबशी किंवा करवंटी, येसकराची भाकरी गोळा करण्याची पाटी, या वस्तूंचीही प्रतिकृती करावी असे काही मुलांनी सुचवले होते. त्यावर दोन तास चर्चा झाली. करवंटी लाकडात कोरायला सोपी आणि तेल लावल्यावर ती सुंदरच दिसली असती. अडचण नेमकी तिथेच होती. अपमानाची वस्तू सुबक करून मांडली, की पाहणाऱ्याचे लक्ष सुबकतेकडे जाते आणि अपमान मागे पडतो. म्हणून त्या वस्तू आम्ही घडवल्या नाहीत, लिहून ठेवल्या. कुणाला कुठे, कसे पाणी दिले जाई, चहा कशात मिळे, याच्या हकिकती मुलांनी घरोघरी विचारून एका जाड वहीत उतरवल्या आहेत. ती वही मांडणीच्या खालच्या फळीवर आहे. हात फिरवण्यासाठी काठवट, आणि वाचण्यासाठी वही. ज्या पालकांनी प्रश्न विचारला होता, त्यांनी पुढच्या वर्षी आपल्या वडिलांची हकिकत स्वतः येऊन त्या वहीत लिहिली. उखळाविषयी त्यांचे मत बदललेले नाही. ते बदलावे असा आग्रहही नाही.

आता त्या मूळ हिरमोडाकडे येते. प्रतिकृतीला मोल असते का? आपल्या मुलांना दर वर्षी आपण कार्ले आणि भाजे येथील लेणी दाखवतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लाकडी कमानी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ते लाकूड अजून तिथे टिकून आहे. छत अखंड कातळाचे असल्याने त्याला कमानींच्या आधाराची काडीमात्र गरज नव्हती. पण त्याआधीची चैत्यगृहे लाकडाची असत, आणि लाकडी घराचे ते रूप त्या कारागिरांना दगडातही सोडायचे नव्हते. भाज्याचे खांब आत झुकलेले आहेत, कारण लाकडी खांब तसे रोवत. अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्यात तर छताच्या कमानीसुद्धा दगडातच कोरल्या आहेत. ती आधीची लाकडी चैत्यगृहे आज उभी नाहीत. ती कशी होती हे आपल्याला बरेचसे कळते, ते त्यांच्या दगडी प्रतिकृतींमुळे. कार्ल्याच्या दाराशी एका शिलालेखात धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे. राजे, व्यापारी आणि भिक्खू यांच्या बरोबरीने एका सुताराचे नाव तिथे कोरले गेले, याचा मला फार आनंद वाटतो. आपल्या मांडणीवरच्या प्रत्येक वस्तूच्या तळाशी ती घडवणाऱ्या मुलामुलींची नावे आणि जिच्या किंवा ज्याच्या आठवणीवरून ती घडली, त्या आजी-आजोबांचे नाव कोरायचे, हे आम्ही कार्ल्यावरून घेतले आहे.

प्रतिकृती मूळ वस्तूची जागा घेत नाही. माझ्या आजीच्या हातांची झीज नव्या काठवटीत नाही आणि कधी येणारही नाही. पण ती घडवताना जे विचारावे लागले, ते एरवी कुणी विचारले नसते. कड उतरती का असते, ओलेच का कोरतात, शीग कोण लावत होते, हे प्रश्न काठवट घडवायला बसल्यामुळे निघाले, आणि उत्तर देणारी माणसे हयात असताना निघाले. आपल्या शाळेतली काठवट नुसती पाहण्यासाठीही नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जाते आणि मुले पाळीपाळीने तिच्यात पीठ मळतात. त्यासाठी तिला पॉलिश केलेले नाही. बाहेरून तेवढे कच्चे जवसाचे तेल चोळले आहे. ते हवेत सुकते, शेंगदाण्याच्या तेलासारखे चिकट राहत नाही. चार वर्षांत तिच्या पोटात उजव्या अंगाला किंचित चकाकी येऊ लागली आहे. ती मुलांच्या हातांची आहे.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती करते. आपल्या घरी एखादी काठवट, चाटू, रवी, लाटणे किंवा माप अजून असेल, तर ते आम्हाला देऊ नका. ते आपल्या घरीच असावे. आम्हाला त्याचे माप द्या. वस्तू कागदावर पालथी ठेवून तिची कड पेन्सिलीने आखा. खोली दोऱ्याने मोजा. आत किती धान्य मावते ते सपाट भरून आणि शीग लावून, दोन्ही प्रकारे पाहा. झीज कोणत्या बाजूला आहे, डागडुजी कुठे केली आहे, वापरणारी व्यक्ती उजखोरी होती की डावखोरी, त्या वस्तूला तुमच्या घरी काय म्हणत, हे लिहा. जुन्या लाकडाला घासून चमकवू नका. त्यावरचे डागच बोलतात. वस्तू उरली नसेल आणि ती वापरलेले माणूस घरात असेल, तर त्यांच्यापुढे पीठ ठेवा आणि हात कसा चालतो ते पाहा. वीत मोजा. बोटे मोजा. ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या, सुधारू नका.

हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही. पहिल्या वर्षी ज्या सात आजी-आजोबांशी मुले बोलली, त्यांतले तीन आज आपल्यात नाहीत. त्यांनी सांगितलेली मापे वहीत आहेत, आणि त्यांपैकी दोन वस्तूंसाठी लाकूड अजून भुशात वाळते आहे. पावसाळा सरला की मामा त्यांना हात घालतील.